बॉन्ड नको, विमा हवा, आणि थोडा विश्वासही

प्रश्न: मी पतसंस्थेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो. मुलगी 22 वर्षांची, बी.कॉम. बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांमध्ये ती लोकांची कुत्री फिरवते, मालक गावाला गेले की त्यांच्या घरी जाऊन सांभाळते. पाच घरांच्या किल्ल्या तिच्याकडे आहेत. भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणतो, तिकडे अशी माणसं 'बॉन्डेड आणि इन्शुअर्ड' असतात. आधी ते कर, नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, असं मी तिला बजावलंय. दुसऱ्यांच्या कुत्र्यांची शी उचलायला हिला शिकवलं का? बॉन्ड कुठे मिळेल?
– एक पालक, कोथरूड

उत्तर: तुमच्या पत्रातलं शी उचलण्याचं वाक्य मला बॉन्डपेक्षा जास्त खटकलं. तिजोरीची किल्ली सांभाळणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या मुलीवर पाच कुटुंबांनी घर सोपवलंय, आणि तुम्हाला त्याची लाज वाटतेय. अट काळजीपोटी घातली असेल तर ती नक्की पूर्ण करू. पण काम बंद पडावं म्हणून घातली असेल, तर तिला तसं तोंडावर सांगा. आडून घातलेली अट मुलांना लगेच कळते, आणि मग ती घरात काही सांगायचीच बंद होतात.

बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटातही 28 वर्षांपर्यंत बसता येतं. ती वाट आज बंद होत नाही.

आता बॉन्ड. अमेरिकेत घरी येणाऱ्या माणसाने चोरी केली तर ग्राहकाला भरपाई मिळावी, यासाठी तो असतो. आपल्याकडे त्याच्या जवळची गोष्ट म्हणजे फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी. ती मालक काढतो, नोकराने अफरातफर केली तर स्वतःचं नुकसान भरून निघावं म्हणून. पतसंस्था कॅशियरसाठी काढतात ती हीच. तुमची मुलगी एकटी काम करते. तिने स्वतःच्याच अप्रामाणिकपणाचा विमा काढायला कुठे जायचं? पगारावर माणसं ठेवली की हा विषय काढा. तोवर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्या आणि किल्ली घेताना-देताना सही असलेली पावती करा. पुण्यातल्या ग्राहकाला एवढं पुरतं.

विम्याचं मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फटाक्यांना घाबरून कुत्रं गळ्यातल्या पट्ट्यातून मान काढून पळतं आणि वाटेत एखाद्या पोराला चावतं. दिवाळीत मालक गावी असतात, म्हणजे तिचं काम नेमकं तेव्हाच जास्त. (हार्नेस आणि पट्टा, दोन्हीला दोरी लावायची, हे तिला माहीत असेलच.) प्राण्याबाबत हलगर्जी झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिक्षा विम्याने टळत नाही, पण जखमी माणसाची भरपाई त्यातून देता येते. त्यासाठी नॉन-इंडस्ट्रियल पब्लिक लायबिलिटी पॉलिसी मागा, म्हणजे कारखाना नसलेल्या व्यवसायामुळे बाहेरच्या माणसाचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा. 1991 च्या कायद्याखालची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी असते, ती गळ्यात मारून घेऊ नका.

खरी मेख पुढे आहे. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालमत्ता, आणि अशा पॉलिसीत 'ताब्यातील मालमत्ता' बहुधा वगळलेली असते. म्हणजे कुत्रं दुसऱ्याला चावलं तर भरपाई, पण तिच्या हातात असताना कुत्र्याचाच पाय मोडला तर काहीच नाही. ताब्यातल्या कुत्र्यालाही संरक्षण वाढवून मिळेल का, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. नसेल मिळत, तर प्रत्येक ग्राहकाकडून आधीच लिहून घ्यायचं: डॉक्टर कोणता, किती खर्चापर्यंत न विचारता उपचार करायचे, रेबीजची लस कधी दिली.

व्यवसाय सुरू केल्याची शॉप अ‍ॅक्टखालची (दुकाने व आस्थापना कायदा) सूचना आणि लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी ती स्वतः ऑनलाइन करेल. पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचायला तुम्ही तिच्याशेजारी बसा. हिशेबाची कागदपत्रं आयुष्यभर पाहिलेला माणूस घरात असताना एजंटच्या तोंडी आश्वासनावर तिने सही का करावी? आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. तिला काय हवंय, ते तुमच्या पत्रात कुठेच नाही.