लिंगभाव आणि आंतरराष्ट्रीय राजकारण : पीएचडीला बसण्याआधी

विषय छान निवडलास! पण ‘स्त्रिया आणि युद्ध’ एवढ्या पसाऱ्यावर पीएचडी होत नाही. एक ठिकाण, एक काळ धर. उदाहरणार्थ, २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात पाठवलेलं महिला पोलिसांचं पथक. कुणाला कुठली ड्यूटी मिळाली? मागे मुलं कुणी सांभाळली? तिथली राजधानी मन्रोव्हिया, तिथल्या बायकांना त्यांच्याबद्दल काय वाटलं? असे प्रश्न हवेत.

नवख्यांच्या हमखास चुका:

- लिंगभाव (जेंडर, म्हणजे समाजाने ठरवलेलं बाईपण-पुरुषपण) म्हणजे फक्त बायका, असं धरून चालणं. सैन्यातलं पुरुषपणही त्यातच येतं.
- संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ‘महिला, शांतता आणि सुरक्षा’ यावरचा २००० सालचा ठराव १३२५ इतरांच्या लेखांतूनच वाचणं. मूळ ठराव जेमतेम १८ कलमांचा आहे, आजच वाच.

गाईड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोल. हे सगळ्यात महत्त्वाचं. सिद्धांतांचे वाद पहिल्या वर्षी बाजूलाच राहू देत.