आजोबा जाहिरात क्षेत्रातून निवृत्त झाले होते. शोकसभेत त्यांच्याबद्दल काय बोलू?

तुम्ही लिहिलंय की घरचे म्हणतात, 'कामाचं राहू दे, स्वभावाबद्दल बोल.' कामाबद्दलच बोला. माझे आजोबाही जाहिरातीतलेच, आणि आमच्या घरात नेमकी हीच चूक झाली.

आजोबा फोर्टमधल्या एका जाहिरात एजन्सीत मराठी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायचे. मराठी कॉपी म्हणजे तेव्हा बहुतेक इंग्रजीचं भाषांतर. कागद हातात यायचा, संध्याकाळपर्यंत 'मराठी करून' द्यायचा. धुण्याच्या साबणाच्या एका जाहिरातीत कुणीतरी आधीच 'हातांसाठी सौम्य' असं लिहून ठेवलं होतं. आजोबा तो कागद घरी घेऊन आले. आजी मोरीत धुणं धूत होती. तिला विचारलं, चांगला साबण कसा ओळखतेस? ती म्हणाली, "हात चुरचुरत नाहीत." तेच छापून आलं. "माझं वाक्य पेपरात आलं होतं," असं आजी अजून सांगते.

१९६७ साली विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, तेव्हापासून ते रेडिओचंही लिहायला लागले. १० सेकंदांत वीस-बावीस शब्द, त्यात मालाचं नाव दोनदा. त्यासाठी वापरायचे ते स्टॉपवॉच निवृत्तीनंतर घरी आलं. मी चौथीत असताना वक्तृत्व स्पर्धेत सावित्रीबाईंवर बोलायचं होतं, वेळ ३ मिनिटं. बाईंनी लिहून दिलेलं भाषण 'थोर' आणि 'महान' यांनी भरलेलं. आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले, बटण दाबलं. साडेपाच मिनिटं झाली. मग त्यांनी लाल पेन्सिल घेऊन एकेक 'थोर' खोडला. म्हणाले, "थोर होत्या हे सांगू नकोस. लोक अंगावर शेण फेकायचे म्हणून पिशवीत दुसरी साडी घेऊन शाळेत जायच्या, एवढंच सांग. थोर होत्या ते ऐकणारा म्हणेल." श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ मारून दिली. आठवडाभर रोज संध्याकाळी मी बोलायचे आणि रेघ आली की ते बोट वर करायचे. शेवटी २ मिनिटं ५० सेकंदांवर आणलं. नंबर आला नाही. पण पुढे मी जे काही लिहिलं, ते त्या बोटाकडे बघतच लिहिलं.

ते गेले तेव्हा पेपरात द्यायचा मजकूर काकांनी लिहिला : 'मनमिळाऊ, धार्मिक व सर्वांचे लाडके'. आजोबा धार्मिक नव्हतेच. मी लिहिलं होतं, 'त्यांचे शब्द तुम्ही रेडिओवर ऐकलेत, नाव कधी ऐकलं नाहीत.' काका म्हणाले, "बाबांची जाहिरात करायची आहे का?" छापून आलं, 'खासगी नोकरीतून निवृत्त'.

काकांच्या मते जाहिरात म्हणजे लोकांना गंडवणं. त्याच पगारावर त्यांचं इंजिनीअरिंग झालं. आणि ज्या 'मंगल' टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, कित्येक वर्षं आपण संगणकावर मराठी वाचली, तो करणारे र. कृ. जोशीसुद्धा जाहिरातीतलेच. भाषेशी रोज झटणाऱ्या माणसाला 'खासगी नोकरी' म्हणून मोकळं व्हायचं, हे मला आजही पटत नाही.

तेव्हा ३ मिनिटं बोला. त्यांची एक जाहिरात मोठ्याने वाचून दाखवा. जाहिरातीखाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं, ते तुम्हीच घ्यायचं. मग त्यांनी तुमच्यासाठी केलेली एकच गोष्ट सांगा, बारीकसारीक तपशिलासकट. विशेषणं नकोत.

एक मात्र आहे. तुमच्या आजी असतील तर आधी त्यांना वाचून दाखवा. एखाद्या वाक्याला त्या नको म्हणाल्या तर ते काढा. आणि घरच्यांशी काय वाद घालायचा तो आधीच घाला. आमच्याकडे तेराव्याला आवाज चढले आणि आजी ताटावरून उठून आत गेली. त्यात माझाही आवाज होता.

त्यांच्या कात्रणांची फाईल काकांकडे माळ्यावर आहे. काका, हे वाचत असाल तर पावसाळ्याआधी ती खाली काढून ठेवा. मी न्यायला येते.