रशियन शिकताय? लाडाची नाती अशी सुरू करा
रशियन सुरू केलंत, उत्तम! प्रत्ययांचे तक्ते सध्या बाजूला ठेवा. आईसाठी मामच्का, बाबांसाठी पापच्का, मुलासाठी सिनोक, मुलीसाठी दोचिन्का, एवढे तोंडात बसले तरी पुष्कळ.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- बाबुश्का, म्हणजे आजी. जोर पहिल्या 'बा'वर, 'बु'वर नाही. रूप लाडाचं, पण रोजचा साधा शब्द हाच. आखूड करून नुसतं 'बाबा' म्हणू नका. एरवी तो बाईसाठीचा उर्मट शब्द आहे. (आपल्या कानाला गंमतच वाटते!)
- पापा (बाबा) आणि द्येदुश्का (आजोबा) आकारान्त असले तरी पुल्लिंगी: 'मोय पापा', म्हणजे माझे बाबा.

म्हातारी माणसं अनोळखी पोरालाही सिनोक म्हणतात, दचकू नका. पोलिश, चेकची रूपं नंतर बघू.