स्कीच्या बुटात घोटे दुखतात. एक नंबर मोठे बूट घेऊ का?

नको. बहुतेकदा बूट आधीच सैल असतात. टाच आत वरखाली होते, म्हणून आपण बकल करकचून आवळतो आणि घोट्याचं हाड कडक कवचावर घासत राहतं.

आतलं मऊ अस्तर (लायनर) काढा, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवा. टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरली तर माप ठीक. हाताची तीन बोटं तिथे आरामात जात असतील तर बूट मोठाच.

मापाबरोबर बुटाचा फ्लेक्सही बघा, म्हणजे पुढे वाकताना बूट किती अडवतो त्याचा आकडा. ६० मऊ, १३० चांगलाच कडक. पण हा आकडा ज्या त्या कंपनीचा आपापला, त्यावर फार विसंबू नका. बूट फार कडक असला की घोटा वाकतच नाही, वजन मागे जातं आणि मांड्या भरून येतात. त्यात थंडीने प्लास्टिक आणखी ताठरतं.

पायमोजा एकच, तोही पातळ. आतल्या थर्मल पँटची कड बुटात खुपसू नका (माझं अर्धं दुखणं तेवढ्यानेच गेलं). तरी हाड एकाच जागी टोचत असेल, तर बूट-फिटर (बूट पायाला बेतून देणारा कारागीर) कवच तापवून तेवढाच भाग फुगवून देतो.