पुतळ्याचा एखादाच भाग सोन्यासारखा का चमकतो? पॉलिश करतात का?

नाही हो, हात लावून लावून चमकतो. असे पुतळे बहुधा ब्राँझचे, म्हणजे तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात. हवा-पावसात त्यावर आधी तपकिरी, मग हिरवट थर धरतो. लोखंडाचा गंज धातू खातो, हा थर मात्र आतल्या धातूला जपतो. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा चक्क तांबूस होता. त्याचा तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाड, तरी अजून टिकून आहे तो या हिरव्या थराच्या कृपेने.

लोक फोटोसाठी किंवा नवस म्हणून एकाच जागी हात फिरवतात, तिथला थर निघतो आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकात संत पीटरच्या पुतळ्याचा उजवा पाय बघा: शतकानुशतकांच्या स्पर्शाने बोटं झिजून सपाट झालीत. इटलीतल्या व्हेरोनात शेक्सपिअरच्या ‘रोमिओ-ज्युलिएट’मधल्या ज्युलिएटचा पुतळा आहे, त्याची अवस्था तर इतकी वाईट झाली, की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत हलवून अंगणात प्रतिकृती ठेवावी लागली. आता लोक तिलाही घासतायत!

तुम्ही एकदा हात लावल्याने काही बिघडत नाही, पण तुमच्यामागे रांग असते.