बाळंतपणानंतरचं इंजेक्शन आणि छातीतली कळ

वार पडल्यावर वहिनींना मेथर्जिन (गर्भाशय आवळणारं इंजेक्शन) दिलं, थोड्याच वेळात छातीत कळ आली, बीपी चढलं. पुढच्या वेळी असलं इंजेक्शन घ्यायचंच नाही का, असं विचारलंय तुम्ही. घ्यायचं, पण हे नको.

लेबर रूममध्ये सिस्टर होते, म्हणून सांगते. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही तर रक्त थांबत नाही आणि बघता बघता बाळंतीण हातची जाते. त्यामुळे औषध लागतंच. पहिली पसंती ऑक्सिटोसिनला, १० युनिट. तेही शिरेतून एकदम ढकललं तर बीपी धाडकन उतरतं, म्हणून स्नायूत किंवा सलाईनमधून सावकाश देतात.

मेथर्जिन अर्गटच्या, म्हणजे धान्यावरच्या एका बुरशीपासून आलेल्या औषधांच्या, घराण्यातलं. ते गर्भाशयाबरोबर रक्तवाहिन्याही आवळतं, हृदयाच्यासुद्धा. याच घराण्यातलं अर्गोनोव्हिन हृदयाचे डॉक्टर एकेकाळी मुद्दाम देऊन वाहिनी आकसते का ते तपासत! म्हणून धडधाकट तरुण बाईलाही क्वचित यामुळे हार्ट अटॅक येतो. बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन टाळायचं, हा जुनाच नियम. वहिनींचं शेवटच्या महिन्यांत वाढलं होतं का, फाईल बघा. मात्र लगेच कुणावर खापर फोडू नका. बीपी नॉर्मल असतानाही हे होऊ शकतं.

आता ईसीजी, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेत का ते विचारा. नसतील तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवाच. ‘गॅस असेल, ओवा दे’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्या प्रत्येक घरात असतात. त्यांना या वेळी बाजूला ठेवा. घरी मेथर्जिनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील तर पुढची गोळी देण्याआधी फोन करून विचारा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा मायग्रेनची गोळी सोबत असेल तर तेही सांगा.

दूध बंद करायची गोळी (ब्रोमोक्रिप्टिन, कॅबर्गोलिन) हाही याच घराण्याचा प्रकार. ब्रोमोक्रिप्टिननंतर झटके, पक्षाघात, हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी झाल्या आणि १९९०च्या दशकात अमेरिकेत त्या कामासाठीची मान्यता काढून घेतली. कॅबर्गोलिनही बीपी बघितल्याशिवाय नको.

आडवं पडल्यावर दम लागणं, रात्री खोकत उठणं, पाय सुजत जाणं, हे पुढच्या काही महिन्यांत दिसलं तर ते औषधाचं नसून बाळंतपणात हृदयाचा स्नायू दुबळा झाल्याचंही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या: ‘मेथर्जिननंतर छातीत दुखणे, बीपी वाढणे. पुन्हा देऊ नये.’ नुसतं ‘इंजेक्शनची ॲलर्जी’ लिहिलं तर पुढच्या खेपेला रात्रपाळीच्या डॉक्टरला काहीच कळणार नाही.