दक्षिणी कमान की दक्षिण कमांड?

म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: १९ डिसेंबरच्या गोवा मुक्तिदिनाच्या भाषणात 'दक्षिणी कमानने गोवा मुक्त केला' असे वाक्य आहे. मुले विचारतात, कमान कशी लढेल? इथे योग्य मराठी शब्द कोणता?

बाई, मुलांची शंका अगदी रास्त आहे. मराठीत कमान म्हणजे दाराची, पुलाची. जुन्या अर्थाने धनुष्य. फारसीत तो शब्द धनुष्याचाच. गोव्यातल्या मुलाला तर तो ऐकताच जुन्या गोव्यातली व्हाइसरॉयची कमान आठवणार. सैन्याची 'कमान' हिंदीने इंग्रजी 'कमांड'वरून घडवली, आणि हिंदीत ती शोभते. आपण ती जशीच्या तशी उचलली, की पोर्तुगीज सत्तेची खूण आणि ती सत्ता घालवणारी फौज यांना एकच शब्द लागतो. मला हे फार खटकते. 'दक्षिणी'सुद्धा नको. आपण दक्षिण गोवा म्हणतो, दक्षिणी गोवा नाही.

मराठी वृत्तपत्रांत 'दक्षिण मुख्यालय' आढळते. पण मुख्यालय म्हणजे कचेरी, आणि ती पुण्यात आहे. दोडामार्गाच्या बाजूने ब्रिगेडियर सगत सिंग यांची ५० पॅरा ब्रिगेड पणजीकडे निघाली, पूर्वेकडून मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन आत शिरली. त्या कचेऱ्या नव्हत्या. कमांड या शब्दात तीन गोष्टी एकत्र येतात: नेमून दिलेला मुलूख, त्या मुलखाच्या रक्षणाला ठेवलेले सैन्य आणि त्यावर एका अधिकाऱ्याची हुकमत. 'विभाग' म्हणावे, तर मुलूख तेवढा कळतो. शिवाय कमांडच्या पोटात एरिया, सब-एरिया असतात, त्यांना मग काय म्हणायचे?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: 'दक्षिण कमांड' लिहा, आणि शब्द स्त्रीलिंगी वापरा. कर्नल, ब्रिगेड, बटालियन पचवलेल्या मराठीला कमांड जड नाही. एक मात्र जपा. लष्कराची दक्षिण कमांड पुण्याची, नौदलाची कोचीची. गोवा जमिनीवर लष्कराच्या दक्षिण कमांडकडे येतो, पण समुद्रावर मुंबईच्या पश्चिम नौदल कमांडकडे. तेव्हा पहिल्या उल्लेखात 'लष्कराची' हा शब्द गाळू नका.

आता दुसरा अर्थ. 'मोहिमेची कमान सांभाळली' हेही हल्ली सर्रास छापले जाते. तिथे कमांडसुद्धा नको, कारण आपल्याकडे घरचे शब्द आहेत: धुरा सांभाळली, सूत्रे हाती घेतली. सैन्याच्या संदर्भात तर 'हुकमतीखाली' हा नेमका आणि भारदस्त शब्द आहे. तो मागे पडत चाललाय, म्हणून मुलांच्या तोंडी तो मुद्दाम घाला.

आणखी एक. त्या मोहिमेत नौदल होते, हवाई दलही होते, आणि त्याआधी सत्याग्रहींनी वर्षानुवर्षे तुरुंग सोसले होते. 'कमांडने मुक्त केला' म्हटले की हे सगळे वाक्याबाहेर राहते. मी असे लिहीन: 'डिसेंबर १९६१मध्ये लष्कराच्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जे. एन. चौधरी यांच्या हुकमतीखाली भारतीय सैन्य गोव्यात आले, आणि १९ तारखेला गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली.'